माऊसवरचा हात

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींना उत्तरं लिहिणारी एक बाई होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिचं काम चाले, आणि ते इतक्या वेगानं बोले की इतरांना नुसती कटकट ऐकू येई. कचेरीनं त्याचं नाव पोपट ठेवलं आणि तिचं पोपटवाली. तिला ते माहीत होतं. ती कोणाशी गोड बोलायला जात नसे, आणि तिच्या वाटेलाही कोणी जात नसे.

शेजारच्या टेबलावर बिलं बघणारी बाई बसे. तिनं आधी हसत, मग नाक मुरडून सांगितलं होतं की हेडफोन लावा. पोपटवाली दर वेळी "जमणार नाही" म्हणे आणि पुढची तक्रार उघडे. खरी गोष्ट अशी, की तिच्या एका कानाचं ऑपरेशन झालं होतं, दुसराही ठणकायचा, आणि डॉक्टरांनी कानाला काही लावायचं नाही अशी ताकीद दिली होती. पण हे ती कचेरीत बोलणार नव्हती. डोळ्यांवरून जे ऐकायचं ते तिनं ऐकलं होतं. आता कानही लोकांच्या तोंडी द्यायचा नव्हता.

एका दुपारी ती जेवून परत आली तर पोपट मुका. स्पीकरची वायर चाचपली, ती जागेवर होती. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. काही नाही. मग मुद्दाम चुकीची कळ दाबली, तर कॉम्प्युटर ठण् वाजला. म्हणजे स्पीकर ठीक होता, फक्त वाचणारा आवाज गेला होता. कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेला दुसरा, साधा वाचक तिनं सुरू केला. तो रडतखडत का होईना, बोलला. त्याच्या आधारानं ती आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथं प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा लावता येतो. बाकी सगळे जिथल्या तिथे होते. तिच्या पोपटाचा तेवढा शून्यावर.

तिनं तो वर नेला आणि काम सुरू केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा जेवणानंतर.

घरी ती थोरल्या बहिणीकडे राहत असे. ताई म्हणाली, उठताना कॉम्प्युटरला कुलूप लाव, पासवर्ड टाक, विषय संपव. तिला विषय संपवायचा नव्हता. तिला हे करणारं माणूस हातात हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन जेवायला निघाली आणि जिन्यापासूनच परत फिरली. काठी मिटून हातात धरली, भिंतीला बोटं लावत दारापर्यंत आली. आत माऊसची क्लिक ऐकू आली. तिच्या टेबलावरून. तो माऊस कचेरीनं दिला म्हणून तिथं पडून असे, ती त्याला हात लावत नसे.

ती सरळ चालत गेली आणि माऊसवर हात ठेवला. खाली दुसरा हात होता. गरम, बोटात अंगठी असलेला. तो हललाही नाही.

"आवाजच कमी केलाय," बिलवाली म्हणाली. "तुमचं काही चोरलं नाही."

"मला तोंडात बोळा कोंबून बसवलं असतं तरी एवढंच झालं असतं."

"आणि माझं काय? घरी जाऊन आडवी झाले तरी डोक्यात तीच बडबड. किती वेळा सांगितलं तुम्हाला. माणूस म्हणून एकदा तरी विचार केलात?"

पोपटवालीला कानाचं सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. "उठा माझ्या जागेवरून," एवढंच म्हणाली.

प्रकरण साहेबांकडे गेलं. त्यांनी दोघींनाही समजून घ्यायला सांगितलं, आणि मग पोपटवालीला म्हणाले की जुन्या फायलींची खोली रिकामी आहे, तिथं तुम्हाला मोकळेपणानं काम करता येईल. त्यांना वाटलं, तिच्यावर उपकारच करतोय.

"हात त्यांचा होता, साहेब. टेबल माझं का हलवायचं?"

शेवटी बिलवालीचं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. त्यानंतर चहा आला की पोपटवालीला कोणी हाक मारीनासं झालं. तिच्या वाटेत खुर्च्या राहू लागल्या. मुद्दाम की विसरून, ते तिला कधी कळलं नाही. ताई चिडली. म्हणाली, जिंकलीस, पण रोज त्याच लोकांत बसायचंय ना तुला? ती म्हणाली, मी तिथं कामाला जाते, सोयरीक जुळवायला नाही.

टेबलांमध्ये आता अख्खी खोली होती, तरी पोपटाचा आवाज त्या टोकापर्यंत पोचत असे. बिलवाली मधूनच मोठ्यानं सुस्कारा टाके, आणि तोही या टोकापर्यंत ऐकू येई. आवाज दोन टप्पे खाली आणला तरी आपलं काम अडणार नाही, हे पोपटवालीला पक्कं ठाऊक होतं. एकदा तिनं बोट त्या कळेवर नेलंही होतं. मग ते उचललं आणि पुढची तक्रार उघडली.