मुठीतला अंगठा

माझं डोकं सटकलंय ते या मनगटापायी. चार म्हयनं झालं, सुखानं घास खाऊ देईना. मी लालासाहेब, फौजेतनं हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला गडी. बर्फात पहारा केला, पाठीवर ओझी वागवली, कवा कण्हलो न्हाई. आन आता गिटारीवर नुसता एफ कॉर्ड धराय गेलो की अंगठ्याच्या बुडापास्नं अशी कळ निघती की डोळ्यात पाणी येतंय.

गिटार मी पलटणीतच शिकलो. बडाखान्याला, म्हंजे पलटणीच्या मोठ्या जेवणावळीला, वाजवायचो. घरी आल्यावर आमी पाच माजी सैनिकांनी आर्केष्ट्रा उभा केला. सांगलीचा तानाजी ड्रमवर, गिटारीला मी. सव्वीस जानेवारीला औंधात पयला कार्यक्रम ठरला. पोस्टरवर माझा गिटारसकट फोटू छापून वडूजच्या स्टँडवर लावलाबी. आता माघार घ्यायची म्हंजे गावात तोंड लपवायची पाळी.

तिळाचं तेल झालं, निर्गुडीचा पाला झाला, तापल्या इटेचा शेक झाला. साताऱ्याच्या डॉक्टरनं फोटू काढला, हाड चांगलं हाय म्हणला, मनगटाला पट्टा दिला आन गिटार बंद करायला सांगितली. दीड म्हयना गिटार खुंटीला टांगली. कळ हाय तिथंच. वर उजवं मनगाटबी कुरकुराय लागलं. ते मी डॉक्टरला सांगितलंच न्हाई. उजव्या हातानं नुसत्या तारा छेडायच्या, त्यात काय दुखायचंय? असलं माझं शहाणपण.

घरात मग माझी नुसती चिडचिड. बायको, क्रांती, गुमान शेक द्यायची, पट्टा बांधायची. एकदा म्हणली, "आवं, धार काढाय मी बसू का?"

"गिटारीचा आन धारेचा काय संबंध?" मी खेकसलो.

दोन म्हशींची धार उन्हाळ्यापास्नं माझ्याकडं व्हती. "आता धारंचं तुमी बघा," असं तीच म्हणली व्हती. पेन्शनवाला माणूस रिकामा बसाय नको म्हणून म्हणली असंल, असं मी धरून चाललो. इचारलं न्हाई.

शेवटी तानाजीनं सांगलीतल्या एका फिजिओथेरपीवालीचा पत्ता दिला. ऋचा नाव, पोरगीच. क्रांतीला संगं घेऊन गेलो. पोरीनं एक्स-रेकडं बघितलंबी न्हाई.

"काका, दिवसभर हातानं काय काय करता ते करून दाखवा."

मी हवेत गिटार वाजवून दाखवली.

"आणखी?"

"आणखी काय, सकाळ-संध्याकाळ धार."

"ती कशी काढता?"

मी अंगठा मुठीत दुमडला आन खाली वढल्यागत केलं. कळ अशी गेली की स्टुलावरनं उठलोच.

"गिटारला उगाच बोल लावलात," ती म्हणली. "अंगठा दुमडून धार काढता, त्यानं हे झालंय. पंधरा दिवस धार बंद ठेवा. औंधात वाजवाल."

मला आभाळ ठेंगणं झालं. लगेच क्रांतीकडं वळलो. "झालं तर. पंधरा दिवस तू काढ."

"काढते की," ती म्हणली.

ऋचाची नजर तिच्या मनगटावर गेली. "मावशी, आधी तुम्हीच काढायच्या ना? अंगठा आत घेऊन मूठ वळा बघू. आता मनगट खाली वाकवा."

क्रांतीनं मूठ वळली. तोंडातनं हूं न्हाई का चूं न्हाई, पण मनगाट खाली वाकंना. मांडीवरची पिशवी घसरून पडली, तीबी तिनं दुसऱ्या हातानं उचलली.

"किती दिवस झाले?"

"राजू झाली तवापास्नं."

राजू म्हंजे आमची राजनंदिनी. तिला एकोणिसावं सरलं.

माझा पारा चढला. "मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं की," क्रांती म्हणली. "धारंचं तुमी बघा म्हणलं न्हवं."

भाईर येऊन तानाजीला फोन लावला. औंधाला दुसरा गिटारवाला बघ, म्हणलं.

"हात लयच गेला व्हय रं?" तानाजीनं इचारलं.

"माझा न्हाई," म्हणलं आन फोन ठिवला.

क्रांतीला आता धारंला बसवायचं न्हाई, मग दुसरं कोण काढणार? आमच्या म्हशी परक्या हाताला पान्हा सोडत न्हाईत. ऋचानं दावल्यापरमाणं आता अंगठा भाईर ठेवून धार काढतोय. जमत न्हाई. म्हैस पाय झाडती, निम्मं दूध पँटीवर सांडतंय, मनगाट ठणकतंय. त्यात स्टँडवर त्यो पोस्टर अजून तसाच हाय. बघितला की अंगाचा तिळपापड व्हतो. चार म्हयनं माझ्या हाताचा बोभाटा गावभर केला, आन शेक देणाऱ्या हाताकडं एकदाबी बघितलं न्हाई. लाज वाटती, दुसरं काय.

माझा पट्टा क्रांतीला सैल व्हतोय, म्हणून रोज मीच बांधतो. काल आवळताना ती म्हणली, "आवं, हळू. लय दुखतंय."

एकोणीस वर्षांत हे तिच्या तोंडनं मी पयल्यांदा ऐकलं.