दार नसलेलं कॅलेंडर

अण्णा वाद घालत नसत. बॅगेतून चौकड्यांचा टॉवेल काढत, समोरच्याच्या मॉनिटरवर टाकत आणि म्हणत, "आता चालवून दाखवा."

माझ्या मॉनिटरवर तो पडला तेव्हा मला बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या त्या ऑफिसात येऊन जेमतेम महिना झाला होता. वीस वर्षं पुण्यात वेबसाइट बांधून मी इथे आले होते आणि एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं पान पूर्ण केल्याच्या आनंदात होते. अण्णा आमचे टेस्टर. जन्मापासून अंध. गाव निपाणीकडचं, राहायला आनेकलला भावाकडे. दिल्लीच्या पोरांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. माझ्या आडनावावरून त्यांनी मी मराठी हे ओळखलं आणि लगेच मला अक्का करून टाकलं. "अक्का, माऊस बाजूला ठेवा. हे कानात घाला. आता डॉक्टरची वेळ घ्या."

कानात कॉम्प्युटरमधली एक बाई पडद्यावरचं वाचून दाखवू लागली. "बटन. बटन. बटन." कुठलं बटन, ते मी लिहिलंच नव्हतं. टॅब दाबत दाबत तारखेच्या कॅलेंडरात शिरले आणि तिथेच फिरत राहिले. एकतीस झाली की परत एक. पान मीच लिहिलेलं, आणि मला त्यातून बाहेर पडता येईना. अण्णा शेजारी उभे राहून ऐकत होते. "आत घेतलंत, बाहेर यायला दार ठेवलं नाही," ते म्हणाले. "मी चहा घेऊन येतो. तुम्ही फिरा स्वल्प."

त्यांच्या कानातली बाई इतक्या वेगात बोलायची की आम्हाला नुसती मोहरी तडतडल्यासारखी ऐकू यायची. त्या तडतडीतून ते चुका वेचायचे आणि त्याच वेळी बंगळुरात भाकरी कुठे बरी मिळते यावर माझ्याशी बोलायचे. एकही चूक सुटायची नाही. भाकरीही त्यांना कुठलीच पसंत नव्हती.

शिकायचं ठरवलं की मी अर्धवट शिकत नाही. पंधरा दिवसांत मी त्या पानावरच्या प्रत्येक चित्राला वर्णन जोडलं. हसणारी नर्स, निळी भिंत, कुंडीतलं रोप, त्याच्या शेजारचं रोप. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "अक्का, मला ताप भरलाय. डॉक्टर पाहिजे. नर्स हसायलीय का रडायलीय, मला काय करायचंय?"

"कमी लिहिलं तरी बोलता, जास्त लिहिलं तरी बोलता."

"कामाचं लिवा की."

शोभेच्या चित्रांना गप्प ठेवायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकले.

कॅबपर्यंत न्यायला कोणी त्यांचा दंड धरला की ते जागीच थांबत. हात सोडवून घेत आणि मग आपण त्या माणसाचं कोपर धरत. "करून देऊ नका, करता येईल असं करा." हे वाक्य त्यांनी मला कॅबपाशी, पँट्रीत आणि माझ्या कोडबद्दल, सारख्याच त्रासिक आवाजात ऐकवलेलं आहे.

वर्षभरात माझी पानं टॉवेलखालून सुखरूप निघायला लागली. त्याच सुमारास साहेबांनी तपासणीचं एक सॉफ्टवेअर आणलं. माझ्या पानाला शंभरपैकी शंभर मिळाले. मीटिंगमध्ये ते मोठ्या पडद्यावर लावून साहेब म्हणाले, "अब तो टीम खुद कर लेती है. अलग टेस्टर क्यों?" आधी टाळ्या झाल्या होत्या, त्या माझ्यासाठी. मी जरा कमी शिकले असते तर अण्णांची खुर्ची आणखी काही दिवस टिकली असती, हे मला साहेबांचं वाक्य संपायच्या आत कळलं.

मी गप्प बसले नाही. सगळ्यांसमोर अपॉइंटमेंटच्या बटनाचं नाव बदलून 'केळी' केलं आणि पान पुन्हा तपासायला लावलं. शंभरपैकी शंभर. बटनाला नाव आहे एवढंच त्या सॉफ्टवेअरला कळत होतं. नाव काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. साहेब मनापासून हसले. "गुड पॉइंट," म्हणाले. निर्णय बदलला नाही. मी ईमेल लिहिल्या, वरच्या साहेबांना भेटले. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. नीट ऐकून घेणाऱ्या माणसांपुढे काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

अण्णांना केळ्यांची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मग? किती डझन मिळाली?"

शेवटच्या दिवशी कंपनी सोडण्याचा फॉर्म भरायचा होता. अण्णा स्वतः बसले. तडतड चालू होती, ती एकदम थांबली. "अक्का, इकडे या. हे तुमचं कॅलेंडर की."

खरंच माझं होतं. पहिलं, दार नसलेलं. हॉस्पिटलच्या पानावरचं मी केव्हाच सुधारलं होतं, पण त्याआधीच कोणीतरी ते उचलून या फॉर्मात बसवलं होतं. दुरुस्ती दहा मिनिटांची. फॉर्म मात्र दुसऱ्या टीमचा, मला हात लावायची परवानगी नाही. त्यांना फोन केला. तक्रार नोंदवा, पाळी आली की बघू, असं उत्तर मिळालं.

"सर, मैं भर देती हूँ ना," एचआरची मुलगी म्हणाली. चांगली मुलगी होती.

"थांबा. आधी तक्रार." तक्रारींच्या यादीत अण्णांनी स्वतः टाइप केलं: तारीख निवडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. मग खुर्ची मागे सरकवली. कॅबची वेळ झाली होती. तारीख त्या मुलीने टाकली. मी बाजूला उभी राहून बघत होते.

कॅबपर्यंत त्यांनी माझं कोपर धरलं. टॉवेल मला द्याल का, असं विचारलं, तर म्हणाले, "घाम पुसायला लागतो. तुम्ही तुमचा घ्या की."

सोमवारी यादी उघडली तर तक्रार बंद झालेली. कारण लिहिलं होतं: तक्रारदार आता कंपनीत नाही. मी माझ्या नावाने दुसरी नोंदवली. तीही बंद. कारण: माऊसने चालतं. तेव्हापासून दर सोमवारी मी अण्णांची तक्रार पुन्हा उघडते. मंगळवारी ती कोणीतरी बंद करतं.

अण्णा आनेकलला घरी बसून नोकरीचे अर्ज भरत असतात. फोन केला की मी विचारते, "आज कुठे अडकलात?"

"जन्मतारखेत." मग ते विचारतात, "आपली उघडी आहे?"

"आज सोमवार. आहे."

"सरी, बरं झालं," अण्णा म्हणतात, आणि मागे पुन्हा मोहरी तडतडायला लागते.