चौथ्या डेस्कटॉपवरची शेळी

माझ्या कपाटाचं दार उघडलं की कपडे अंगावर येतात. आई म्हणते, "सासरी गेल्यावर नाक कापशील आमचं." पण माझा लॅपटॉप उघडून बघा! स्क्रीन एकच, पण तिच्यात मी चार डेस्कटॉप केलेत. कळ दाबली की एक मांडामांड जाते आणि दुसरी समोर येते. पहिल्यावर ऑफिसचं काम, दुसऱ्यावर मेल आणि गप्पा, तिसऱ्यावर नोंदी. चौथा घरचा, म्हणजे पावसाचा अंदाज, आईची भजनं आणि आबांचे बाजारभाव. कोणती खिडकी कुठं उघडायची ते विंडो मॅनेजरला, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामला, आधीच बजावून ठेवलंय. एकीनं दुसरीच्या अंगावर यायचं नाही. मला पसारा अजिबात खपत नाही, कपाटातला सोडून.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "वाडगंच की हे. गाभण एकीकडं, बोकड एकीकडं, करडं डालग्याखाली." तेव्हापासून आमच्या घरात डेस्कटॉपला वाडगं, म्हणजे शेळ्या कोंडायचं कुंपण, म्हणतात. "बाई, चौथं वाडगं उघड, ढग बघू दे," अशी सकाळी हाक येते. शेळ्या-मेंढ्या घेऊन माळावर जाणाऱ्या माणसाला ढग आधी लागतात, चहा नंतर.

मी नांदूरघाटात बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. चुका काढायचा पगार मिळतो हे आईला अजून पटत नाही. ती म्हणते, "मी तर जन्मभर फुकट काढल्या." पुण्यात राहून झालं होतं माझं. खोलीत खिडकी होती, पण ती समोरच्या बाथरूमकडं उघडायची. घरून काम सुरू झालं आणि मी परत आले ती इथलीच झाले. अशात दिवाळीनंतर सगळ्यांनी ऑफिसात यायचं असा फतवा निघाला. मी हातापाया पडल्यावर आमच्या मॅडम म्हणाल्या, "ग्राहकांसमोर तुमचं काम तुम्हीच दाखवा. गावातून अडथळा न येता पार पडलं, तर बघू."

मी आबांना विचारलं, "काय करू? राहू का जाऊ?" ते म्हणाले, "तुजं तू बघ." हे उत्तर ते शेळी विकतानाही देतात, पोरगी विचारते तेव्हाही देतात. माझं डोकंच फिरलं.

त्यात मीटिंगच्या दिवशीच आबांना मांजरसुंब्याला जावं लागलं आणि आई शेतावर. गोठ्यात एक गाभण शेळी, पहिलटकरीण. गोठ्याच्या खांबाला मी जुना मोबाईल बांधला होता, त्यावरून शेळी लॅपटॉपवर दिसायची. आबा निघताना बजावून गेले, "डोळ्यात तेल घालून बघ. आन परक्याची नजर पडू देऊ नको. व्यायच्या टायमाला लई वंगाळ." म्हणून मी ती खिडकी लहान करून कोपऱ्यात ठेवली आणि विंडो मॅनेजरला सांगितलं, ही चारही वाडग्यांत दिसली पाहिजे, सगळ्यांच्या वर.

मीटिंग सुरू झाली. मला काम आणि नोंदी दोन्ही दाखवायच्या होत्या, म्हणून मी अख्खी स्क्रीनच पुण्याला दाखवायला लावली. पहिलं वाडगं, तिसरं वाडगं, झरझर चाललं होतं. मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात ग्राहकांकडचे एक वयस्कर साहेब म्हणाले, "मॅडम, ती कोपऱ्यातली शेळी पाय झाडतेय का हो?"

शेळी आडवी पडली होती, पिल्लाचा एकच पाय बाहेर दिसत होता. एक पाय म्हणजे दुसरा आत दुमडलेला. इथून उठले तर गाव सुटलं, नाही उठले तर शेळी जाते. खरं सांगते, विचार वगैरे काही केला नाही. "पाच मिनिटं," एवढंच म्हटलं आणि पळाले.

ओढणी कमरेला खोचली, हात धुतले, दुसरा पाय अलगद सरळ केला. शेळीला शिव्या दिल्या, मग गोंजारलं, मग परत शिव्या. करडू बाहेर आलं, पण गप्प. त्याचं नाक गोणपाटानं पुसलं, अंग खसाखसा चोळलं, तेव्हा कुठं ते ओरडलं. मीही ओरडले.

परत येऊन बसले. मग त्या साहेबांनी विचारलं, "पाट की बोकड?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्क्रीन दाखवणं चालूच होतं. माझ्या शिव्यांसकट सगळं बाळंतपण पुण्यानं बघितलं होतं. "पाट. मादीच," मी म्हटलं, आणि लाजेनं कान गरम झालेले असताना उरलेल्या नोंदी दाखवल्या. एकदाही चुकले नाही, हे मात्र सांगते.

संध्याकाळी आबा आधी हरखले आणि मग भडकले. "समद्या पुण्यानं बघितलं? कावून दाखवलंस?" लगेच मीठ-मिरच्या उतरवून झाल्या, करडाच्या गळ्यात काळा दोरा आला. मी जाऊन पडले. गाव सुटणार म्हणून उशीत तोंड खुपसून रडले.

दोन दिवसांनी मॅडमचा मेल आला. मी गावातूनच काम करायचं होतं. खाली एक ओळ होती, की ते साहेब करडाची चौकशी करत होते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं गूळ वाटला. आबा नुसतं "बरं" म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. एवढंच? मी धुमसतच झोपले.

सकाळी लॅपटॉप उघडायला गेले तर बिजागरीला काळा दोरा, चांगला गच्च गाठ मारलेला. झाकण नीट लागेना. "आबा, नजर करडाला लागली, दोरा याला कशाला?"

आबा चहा फुंकत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला काय दावं लावता येतंय व्हय? म्हणून याला बांधलं."

झाकण अजूनही पुरतं लागत नाही.