त्याच्या नावाचं गाऱ्हाणं

मालवणजवळ किनाऱ्यावर माझा चार खोल्यांचा न्याहारी-निवास आहे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत पोलिसांना फॉर्म भरून कळवायचं असतं. दरवर्षी येणाऱ्या एका गोऱ्या पाहुण्याचा मी कधीच भरला नाही. पहिल्या वर्षी आळस केला. तिसऱ्या वर्षी तो आमच्या स्वयंपाकघरात बसून सोलकढी पीत होता. घरच्या माणसाची नोंद कोण करतो? पाहुण्यांच्या वहीतही त्याचं नाव नाही. उलट जत्रेत देवापुढे त्याच्या नावाने नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घालून घेतलं. 'ह्या परमुलखातल्या लेकराक सुखरूप ठेव रे महाराजा.' सगळे म्हणाले, 'होय महाराजा.' मी सगळ्यांत मोठ्याने.

शेजारणीच्या दहा वर्षांच्या मुलीला तो इंग्रजी शिकवायला खोलीवर बोलवायचा. शेजारणीने मला विचारलं होतं, "भाऊ, माणूस बरो आसा मां?"

"घरचोच समज गो," मी म्हणालो.

त्याने त्या मुलीवर अत्याचार केले. ती बोलली तोवर तो मायदेशी पळाला होता. दीड वर्षाने पुन्हा भारतात उतरला, तेव्हा विमानतळावर पकडला गेला. खटल्यात त्याचं म्हणणं एकच : त्या दिवसांत मी गोव्याच्या हॉटेलात होतो, मालवणला आल्याची नोंद दाखवा. त्या पोरीला खोटं पाडायला माझी कोरी वही पुरेशी होती. अजून आठवलं की हात शिवशिवतात. त्याच्यावर आधी की स्वतःवर, कळत नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी माझा भाऊ म्हणाला, "वही कोरी आसा, तू पण कोरो रव. खरा बोललंस तर तुझ्यारच केस होतली."

ओरोसच्या कोर्टात मी सांगितलं, तो माझ्याकडेच होता, त्याच खोलीत, नऊ दिवस. नोंद मी केलीच नाही.

त्याचा वकील हसला. "म्हणजे तेव्हा खोटं वागलात की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा," मी म्हणालो. "त्याच नऊ दिवसांत जत्रा होती. त्याला शेजारी उभं करून गाऱ्हाणं घातलं, तेव्हा सगळा गाव होता. कोणालाही बोलवा."

वकील पुन्हा हसला नाही. बाहेर व्हरांड्यात शेजारीण उभी होती. मला वाटलं, काही बरं बोलेल. किती निर्लज्ज असतो माणूस!

"आज बोललंस," ती म्हणाली. "मी इचारलंय तेव्हा 'माका म्हायत नाय' इतक्याच बोलूचा होता."