विमलताईची सरासरी उंची

माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न मी शास्त्रशुद्ध पद्धतीने मोडायला निघाले होते, आणि त्यात माझा हेतू अगदी चांगला होता.

मी तेव्हा वर्ध्याला सातवीत होते. शास्त्र हा विषय आम्हाला नवीनच लागला होता आणि मास्तरांनी पहिला धडा मोजमापाचा घेतला. अंदाजाने बोलू नका, मोजून बोला. तेही एकदा नाही, तीनदा मोजा आणि सरासरी काढा! मला हे इतके पटले की त्या आठवड्यात मी घरातले सगळे पाट, दोन खाटा आणि शेजारची शेळी मोजली. (शेळीची सरासरी निघाली नाही. दुसऱ्या वेळी ती उठून गेली.) मास्तर आणखी एक वाक्य बोलले होते, “पट्टीवर शून्य कुठे आहे ते आधी बघा.” पण तेवढ्यात घंटा झाली आणि मी दप्तर भरायला घेतले.

घरात त्या वेळी विमलताईच्या लग्नाची काळजी होती. ताई दिसायला चांगली, कामाला चलाख, पण उंच. एका पाहुण्यांनी ‘मुलगी अंगाने उंच वाटते’ असे कळवले. दुसऱ्यांनी काहीच कळवले नाही, पण जाताना त्यांची नजर आमच्या दाराच्या चौकटीकडे होती. त्यामुळे ताई वाकून चालायला शिकली होती.

अशात समुद्रपूरहून पत्र आले. मुलगा शिक्षक, घरची थोडी शेती. मुलाची उंची पाच फूट चार इंच. अट एकच, आणि ती मुलाच्या आजीची: सून मुलापेक्षा चार बोटे ठेंगणी हवी. मुलीची उंची लेखी कळवावी.

“लिहून देतो पाच फूट,” बाबा म्हणाले. बाबा कचेरीत कारकून होते. कागदावर काहीही लिहिताना त्यांचा हात अडत नसे.

“अंदाजाने?” मी ओरडले. “बाबा, मोजल्याबिगर काऊन लिहून राह्यले तुम्ही?”

“मंग मोज बाई!”

मी ताईला भिंतीशी उभे केले. माझी बारा इंची लाकडी पट्टी जमिनीपासून लावली, वरच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली, रेघेवर पट्टी पुन्हा ठेवली, पुन्हा रेघ. पाचवी पट्टी नेमकी ताईच्या डोक्याशी संपली. पाच फूट! दुपारी मोजले, पाच फूट. संध्याकाळी मोजले, पाच फूट. तिन्हींची बेरीज पंधरा, भागिले तीन. भागाकार मी पाटीवर करून दाखवला.

“मी काय पाट हाओ का?” ताई म्हणाली. “दिवसभर भिंतीले उभी करून ठेवलं या पोट्टीनं.”

आई स्वयंपाकघरातून डोकावली. “माह्यापेक्षा उंच दिसते वो ते. आन मी पाच फुटाच्या वर हाओ म्हणत होती तुही आजी.”

“आजीनं किती वेळा मोजलं होतं?” मी विचारले. आई पुन्हा चुलीकडे वळली. बाबा अंदाजाने लिहिणार होते तोच आकडा मोजून आल्यामुळे त्यांचा माझ्यावर भलताच विश्वास बसला आणि त्यांनी पाच फूट लिहून पत्र टाकले. त्यांची उंची कचेरीत नोंदलेली होती; मी तीही पडताळते म्हटले, तर म्हणाले, “मले काय गरज? माहं लग्न झालं हाय.” तेवढे मोजले असते तरी घोटाळा घरातल्या घरात मिटला असता.

पाहुणे आले ते चार जण. मुलगा वसंता, त्याचे वडील, बांधकाम खात्यात ओव्हरसियर असलेले मामा, आणि आजी. आजीने पाण्याचा पेला खाली ठेवण्याआधीच ताईला बोलावले. “उभी राह्य वो माय. सरकी.”

ताई सरळ झाली. आजीने नातवालाही उभे केले. मुलगा-मुलगी शेजारी उभे! बाबा खोकले, मामा छताकडे बघू लागले. आजीने आपली चार बोटे आडवी धरली आणि ताईच्या डोक्यावर ठेवली. बोटे वसंताच्या टोपीच्याही वर गेली.

“हे पाच फूट व्हय?” आजी म्हणाली.

कोणी मला काही विचारले नव्हते. पण शास्त्राचा अपमान मला सहन झाला नाही. “आजी, बोटं माप नाई होत! सगळ्यांचे बोटं सारखे राह्यतात का? मी पट्टीनं मोजलं हाय. तीनदा!”

“मंग ह्यालेबी मोज,” आजीने नातवाला पुढे ढकलले.

बाबा मानेने नको नको म्हणत होते. मला ते कौतुक वाटले. वसंता भिंतीशी उभा राहिला. मी म्हटले, टोपी काढा. त्याने वडिलांकडे बघितले, मग काढली. मी एक पट्टी, दोन पट्ट्या, तीन, चार असे करत वर गेले आणि मोठ्याने जाहीर केले, “चार फूट पावणेबारा इंच!”



“पाच फूट चार इंचाचा पोट्टा,” मुलाचे वडील म्हणाले, “समुद्रपूरहून इथं येईस्तोवर आटला का?”

“दे बरं ते पट्टी,” मामा म्हणाले. त्यांनी खिशातून टेप काढला. ओव्हरसियर माणूस, मुलगी पाहायलाही टेप घेऊन आलेला! पट्टी टेपावर ठेवली. “साडेबारा इंच. दोन्ही टोकांना पाव-पाव इंच कोरं लाकूड हाय. आकडे मधात हायेत. दर फुटामागं अर्धा इंच खाल्ला हिनं.”

बाबांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा कळले की पाच गुणिले अर्धा म्हणजे अडीच इंच, आणि अडीच इंच म्हणजे ताईचे लग्न.

“तीनदा मोजलं होतं,” मी पुटपुटले.

“हो ना. तीनदा तीच चूक केली,” मामा म्हणाले.

ताई एवढा वेळ खाली बघत होती. तिने मान वर केली. “मामाजी, आता खरं मापच काढा. माहंबी, त्यांचंबी. पाच फूट लिहून देल्लं म्हणून जन्मभर वाकून चालाले मले होणार नाई.”

मामांनी टेप लावला. ताई: पाच फूट अडीच इंच. वसंता: पाच फूट दोन.

आता सगळे वसंताच्या वडिलांकडे बघू लागले. पत्रातले चार इंच त्यांनी स्वतः मोजले होते.

“टोपी घालून मोजला असन,” ते म्हणाले.

“असन म्हणजे?” आजीने विचारले.

“मंग काय उघड्या डोक्यानं उभा करू? घरात काय कोणी मेलं होतं?”

बाबांच्या तोंडात हसू आले होते, ते त्यांनी चहाबरोबर गिळले. मी मात्र मोठ्याने हसले, आणि आईने मला चिमटा काढला.

वसंता ताईकडे बघत पहिल्यांदाच बोलला. “आजी, खोटं दोन्हीकडून निघालं. त्यांचं अडीच इंच, आपलं दोन. खरं काय ते मोजा म्हणाची हिंमत एकलीनं केली. मले पसंत हाय.”

आजीने टोपी उचलून नातवाच्या डोक्यावर बसवली, वर चार बोटे ठेवली आणि म्हणाली, “लग्नात तर फेटाच राह्यते. फेट्याचे चार बोटं धरून घ्या. बाकीच्या दिवशी कोण पाह्यते?”

लग्न ठरले. मला वाटले होते, सत्य बाहेर आणल्याबद्दल घरात माझे थोडे तरी नाव होईल. मांडवाचे खड्डे आखायचे होते त्या दिवशी बाबांनी पहाटेच मला उठवले, दोन परकर पिशवीत कोंबले आणि नाचणगावला मावशीकडे पाठवायला पुलगावच्या गाडीत बसवले.

“किती कोस हाय, बाबा?” मी विचारले.

“पोहोचल्यावर समजन,” बाबा म्हणाले. “मोजू नको!”