हिरव्या साडीची पोच

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका बाबांनो, नाहीतर आमचे सावंत तिखटमीठ लावून सांगतीलच!

मी साकीनाक्याला मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या युनिटमध्ये डिस्पॅच सांभाळते. माल गेला की पोच आलीच पाहिजे, हा माझा खाक्या. पाहुणे जेवून घरी गेले तरी मी विचारते, "पोचलात ना? फोटो टाका." नवरा म्हणतो, "अगं, माणसं आहेत ती, बेअरिंग नाहीत!"

तर माझ्या लेकीचं, मुग्धाचं, रविवारी बोरिवलीला सासरी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी माहेरचीच हवी ना? ब्लाउज घालून बघायचा होता, म्हणून शुक्रवारीच आमच्या नेहमीच्या कुरियरने साडी पाठवून दिली.

शनिवारी दुपारी ऑफिसात मोबाईलवर मेसेज आला, पार्सल पोचलं. वा! लगेच लेकीला फोन.

"मुग्धा, कशी वाटली गं?"

"काय कशी वाटली? आई, इथे काहीच आलं नाहीये!"

माझं डोकंच फिरलं. पैठणी होती हो! आणि उद्या पोर काय जुनी साडी नेसून झोपाळ्यावर बसणार? विहीणबाई काही म्हणायच्या नाहीत, पण जमलेल्या बायका सोडतात का? रडूच यायला लागलं मला.

टेबलाखालच्या खोक्यावर पाय टेकवले, नीट बसले आणि कुरियरवाल्याला फोनवर धरलं.

"मॅडम, डिलिव्हरी झालीये. सही आहे."

"कोणाची सही?"

"कोणीतरी लेडीज आहे."

"कोण ही बाई? दुसऱ्याचं पार्सल खुशाल सही करून ठेवून घेते? तक्रार लिहून घे! कारवाई झालीच पाहिजे तिच्यावर! आणि ती सही पाठव मला, आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, नक्की नोंदवू ना तक्रार?"

"नोंदव म्हणते ना!"

फोन ठेवतेय तोच सही आली. उघडली. मोठा शु, त्याला लांबलचक शेपटी आणि खाली दोन टिंबं. आता सांगा, अख्ख्या मुंबईत अशी सही माझ्याशिवाय कोण करणार?

तेवढ्यात पॅकिंगचे सावंत आले, खाली वाकले. "गो शुभांगी, पायाखाली काय आसा तां?"

खोकं ओढलं. वाट लागली! आमच्या युनिटच्या पत्त्याचा छापील स्टिकर मी रोज खोक्याच्या मागे लावते, पाठवणारे म्हणून. शुक्रवारी तो सवयीने थापला होता पुढे, थेट मुग्धाच्या पत्त्यावर. पार्सल बिचारं इमानदारीत माझ्याकडेच परत आलं. दहा डाग, म्हणजे पार्सलं, येतात रोज, त्यात मी न बघताच सही ठोकली आणि खोकं खाली सरकवलं. वर पाय ठेवून त्याच्याच नावाने शंख करत होते!

साडीला आधी नमस्कार केला, मग खोकं छातीशी धरून रिक्षाने बोरिवली गाठली. दार विहीणबाईंनी उघडलं.

"अहो, तुम्ही स्वतः कशाला आलात? कुरियरने पाठवायचं ना!"

चहा प्यायले. ब्लाउज मात्र झकास बसला. दुसऱ्या दिवशी हिरव्या साडीत लेक अशी गोड दिसत होती ना, मी सगळं विसरले.

कुरियरवाला नव्हता विसरला. सोमवारी ऑफिसला ईमेल हजर.

'आपल्या युनिटमधील एका महिलेने दुसऱ्याचे पार्सल सही करून ठेवून घेतल्याची तक्रार आली आहे. डिस्पॅच प्रमुखांनी तिची चौकशी करावी आणि हे पत्र मिळाल्याची पोच सही करून पाठवावी.'

डिस्पॅच प्रमुख मीच. सावंत पाठीमागून वाचत होते. "आता काय करतलंस?"

करणार काय! प्रिंट काढली, 'मिळाले' लिहिलं आणि खाली सही केली. मोठा शु, लांबलचक शेपटी, दोन टिंबं.