विजयाचे उंदीर

मी दिघीच्या जेटीवर फेरीबोटीची वाट पाहत होते, तेव्हा विजयाच्या आईचा फोन आला. आई अंथरुणाला खिळलेली. उशाकडचा फोन तिनं कसाबसा लावला होता. "ये गो लवकर. कवाची हाका मारते, विजया उठत न्हाय..." शेजाऱ्यांना कळवून मी रेवदंड्याला पोचले, तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच विजयाचं हृदय थांबलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. आठवीत असताना तिचा मोठा भाऊ दिनेश मलेरियानं गेला. ताप मेंदूत शिरला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला झटके येत होते आणि विजया त्याचे पाय धरून बसली होती. पुढे याच आजारावर काम करायला ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागली. उंदरांना मलेरियाचे परजीवी टोचायचे, झटके येऊ लागले की औषध देऊन बघायचं आणि शेवटी त्यांना मारून मेंदू तपासायचा. हे कळल्यावर आईनं तिच्या हातचं जेवण सोडलं. "मुक्या जीवांना मारून माझा दिनू परत येनार हाय का?" विजया मला एकदा म्हणाली, "झटका आला की दिनेशच दिसतो गं. तरी घड्याळ बघून लिहून घेते... नोंद चुकली तर तो जीव फुकटच गेला ना?"

एका औषधानं उंदीर वाचू लागले, तेव्हा घरी येऊन तिनं दिनेशच्या फोटोला हार घातला होता. पुढे तेच औषध रुग्णांना दिलं, तर काहीच उपयोग झाला नाही. "आता तरी सोडशील?" मी विचारलं. "दुसरी वाट असती तर कालच सोडलं असतं," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही.

आई पडली तेव्हा मात्र नोकरी सोडून ती परत आली. तिच्यामागे आता शनिवार-रविवार मी आईजवळ असते. परवा कुशीवर वळवायला हात लावला, तर म्हातारी दचकली. "आदी हात चोळ. गार लागतात. विजया चोळून मंग धरायची."

मी तळहात घासत उभी राहिले... तिच्या प्रयोगशाळेत मी एकदाच गेले होते. पिंजरा उघडण्याआधी हातमोजे घातलेले हात ती अशीच चोळत होती. "गार हातानं उचललं की घाबरतात बिचारे."

आईला हे सांगितलं नाही. हात गरम झाल्यावर तिला हळूच वळवलं.